भामाताईची लाइन

सत्यभामा शिडीवर असताना तिच्याशी बोलायचं नाही, हा मोहाडीतला जुना नियम. कारण ती उत्तर देते, आणि वरून दिलेलं उत्तर अख्ख्या बाजाराला ऐकू जातं. मागं एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी एका शहाण्यानं खालून विचारलं, "भामाताई, ह्या वयात कायले वर चढता?" वरून आलं, "तू चढतं का? नाही ना? मंग शिडी धर अन् चूप राह्य." त्यानं निमूट शिडी धरली. तहसील कार्यालयात चांगल्या हुद्द्यावर होता म्हणे.

पन्नाशी कधीच ओलांडलेली, अंगानं सडपातळ. सलवार-कुडत्यावर नवऱ्याचा जुना फुलशर्ट, तो खिशांसाठी. एका खिशात पक्कड, दुसऱ्यात सुपारी. बायकांच्या कपड्यांना खिसे का शिवत नाहीत, ह्यावर ती तासभर बोलू शकते, पण तेवढा वेळ तिला कधी मिळत नाही.

बारापात्रे घराणं कोष्ट्यांचं. माहेरी माग, सासरी माग. पण तिला बी.ए. व्हायचं होतं, आणि ती रोज बसनं भंडाऱ्याला ये-जा करून झाली. तेव्हाही गावातले चार भले लोक तिच्या बापाकडे आले होते, की पोरगी बसस्टँडवर उभी दिसते. बापानं मागावरून मान वर न करता सांगितलं, "बस घरापर्यंत येत नाही, तं स्टँडवरच उभी राहीन ना." भले लोक चहा पिऊन गेले. ते एक वाक्य सत्यभामाला जन्मभर पुरलं आहे.

नवऱ्यानं घराच्या गच्चीवर मोठी छत्री बसवून केबलचा धंदा काढला, तेव्हा गल्लीतली माणसं हिच्या ओसरीवर बसून टीव्ही बघायची. पुढं कावीळ झाली आणि तो गेला. सगळ्यांनी ठरवून टाकलं की आता बाई धंदा विकणार. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बाई शिडी खांद्यावर घेऊन निघाली. तिच्यामागं वायरचं भेंडोळं घेऊन तिचा दीर जीवन निघाला, तो आजतागायत तिच्या मागंच आहे. जीवन मनानं सोनं. फक्त प्रत्येक कामाआधी त्याला एक शंका येते आणि ती शंका नेमकी वहिनीला घाई असते तेव्हाच येते.

छत्र्या गेल्या, डबे आले, मग काचेची तार आली. केसाएवढी बारीक, आतून उजेड पळतो. पुष्कळ केबलवाले तिथंच थकले. सत्यभामा नागपूरला जाऊन ती तार जोडायला शिकली, मुलाच्या वयाच्या पोरांच्या वर्गात बसून. तिला ते अवघड गेलं नाही, त्याचं कारण तिच्या आईच्या बोटांत होतं. मागावरचा ताणा संपत आला की कोष्टी तो कधी पुरता काढून टाकत नाहीत. जुन्या ताण्याच्या शेपटाला नव्या ताण्याचा एकेक धागा बोटाला राख लावून पिळायचा, आणि मग जुनं ओढलं की नवं आपोआप आत. "जुनं टोक सोडू नये, त्यालेच नवं बांधावं," आई म्हणायची. सत्यभामानं सगळ्या तालुक्यात वायरी अशाच ओढल्या. भिंतीतल्या नळीत जुनी वायर असली की तिच्या शेपटीला नवी बांधायची, दुसऱ्या टोकानं ओढायची, दहा मिनिटांत काम. भिंत फोडायला नको आणि मिस्त्रीच्या पाया पडायला नको.

ह्याच भरवशावर तिनं विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहाचं काम घेतलं.

वसतिगृह तुमसरकडे जाणाऱ्या रस्त्याला, तलावाच्या पाळीखाली. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा उंच बांध. जागा कुणी निवडली देव जाणे. पाळ इतकी उंच आणि इमारत इतकी खोलगट, की खोलीत मोबाईल म्हणजे नुसतं घड्याळ. टीव्हीची जुनी लाइन कधीची मेलेली. इंटरनेट कधी आलंच नव्हतं. अभ्यासाचं निम्मं सामान आता फोनवर येतं, तेव्हा मुलींनी करावं काय? सकाळ-संध्याकाळ त्या पाळीवर चढायच्या आणि तिथं ओळीनं उभ्या राहायच्या, कारण रेंज तेवढी तिथंच. रस्त्यावरून जाणाऱ्याला काय दिसायचं? पोट्ट्या पाळीवर उभ्या आहेत, हातात फोन, कानात वायर, हसून राहिल्या. रस्त्यावरून जाणाऱ्यांना तेवढं पुरतं. बोलणं गावोगाव पोचलं. दोन पालक येऊन मुलींना घेऊन गेलेही.

वॉर्डन शोभाताई गजभिये, इतिहास शिकवणाऱ्या. ताठ बाई. त्यांनी सत्यभामाला ऑफिसात बसवलं आणि सरळ सांगितलं, "मी विद्यापीठाला लिहून लिहून दमले. शेवटी मंजुरी आली. पण आणखी चार मुली गेल्या तर हॉस्टेलच बंद करतील. तुम्ही किती दिवसांत करता?"

"किती दिवसांत पायजे?"

"कालच पाहिजे होतं."

सत्यभामाला बाई आवडल्या.

जागा बघून झाल्यावर तिला जीवनला फोन करायचा होता. फोन लागेना. निमूट पाळीवर चढावं लागलं. वर वारा होता. एका बाजूला तलाव, दुसरीकडे रोवणी झालेली भाताची हिरवी बांधी. एक मुलगी एकटीच उभी होती, फोन डोळ्यांपाशी धरून. सत्यभामाला बघून तिनं फोन खाली केला.

"भ्याली काहून? मी केबलवाली आहे. तुमच्या इथं नेट अन् टीव्ही लावाले आली."

मुलीनं नुसती मान हलवली. "आता लावून काय फायदा, काकू?"

"म्हणजे?"

मुलगी खुशबू ठवकर, चिखल्याची. बाप केशवराव तिथल्या मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली, सुरुंगाच्या टोळीत. पोरगी दगडमातीचंच शास्त्र शिकत होती, एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. बापाला त्याचा अभिमान होता. पण तुमसरच्या एका नातेवाइकानं बापाला सांगितलं होतं, की तुझी खुशबू रोज पाळीवर उभी असते.

"बाबा रविवारी येऊन राहिले," ती म्हणाली. "सामान बांधून ठेव म्हणाले."

"घरून ये-जा कर."

"चिखल्याहून? बस कोणती मिळन, काकू? अन् एकदा घरी गेली ना, तं परत नाही येत मी. मले माहीत आहे. आधी दोन महिने घरी राह्य म्हणतीन, मंग पाहुणे येतीन." रडत नव्हती. हिशेब सांगावा तसं सांगत होती. सत्यभामाला रडणाऱ्या पोरी आवडत नाहीत, ही आवडली.

"बापाचं म्हणणं काय आहे? शिकू नको म्हणते?"

"नाही. शीक म्हणते. पण पाळीवर उभी राहू नको म्हणते."

"मंग बरोबरच आहे त्याचं. नेट खोलीत आलं तं पाळीवर कायले उभी राहशीन? रविवारी किती वाजता येते?"

"दुपारी."

"शनिवारी लाइन चालू. भामाचा शब्द आहे."

खाली येऊन तिनं शोभाताईंनाही तेच सांगितलं. शोभाताईंनी लगेच सगळ्याच पालकांना निरोप धाडले, की रविवारी दुपारी या, स्वतः बघा आणि मग काय ते ठरवा. आता शब्द एका पोरीपुरता राहिला नव्हता. सत्यभामाला त्याचं काही वाटलं नाही. तिचा शब्द आजवर पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती आणि जीवन सामान घेऊन हजर झाले. आत पुरुष येतो म्हणून दारात शकुनबाईनं पितळी घंटा वाजवली आणि ओरडली, "पुरुष माणूस आला वो!" शकुनबाई वसतिगृहाची झाडलोट करणारी, आणि खरं सांगायचं तर मालकीणही तीच. जीवन घंटेला लाजून मान खाली घालून आत शिरला.

सत्यभामानं ऑफिसातल्या भिंतीतली नळी उघडली. आत बोट घातलं. मग बॅटरी लावून बघितलं. नळी रिकामी.

"जुनी वायर कोठी गेली?"

"कोणती?" शकुनबाई म्हणाली.

"टीव्हीची. काळी. ह्या नळीतून पार गॅलरीच्या टोकाले गेली होती. माझ्या नवऱ्यानंच टाकली होती."

"हां, ते!" शकुनबाईचा चेहरा उजळला. "ते तं मी काढली. टीव्ही बंद, वायर बेकार पडून राहिली होती आत. ये, दाखवतो."

तिनं मागच्या आवारात नेलं. झाडापासून खांबापर्यंत, खांबापासून नळकोंडाळ्यापर्यंत काळ्या वायरी ताणलेल्या. त्यांवर सगळ्या वसतिगृहाचे कपडे वाळत होते. "पाह्य कशी ताठ आहे," शकुनबाई कौतुकानं म्हणाली. "नायलॉनची दोरी दोन महिन्यांत लोंबते. हे लोंबत नाही. चिमटा मस्त बसते."

सत्यभामानं एका वायरीवर टिचकी मारून बघितली. तिच्या स्वतःच्या परसातही कपडे केबलच्या वायरीवरच वाळतात. तुमसर-मोहाडीत कोणत्याही घरामागं जाऊन बघा, तेच दिसेल. त्या वायरीचा दुसरा उपयोग टीव्हीला होतो, एवढंच.

नळीत वायर सरकवायची स्प्रिंग घालून बघितली. मध्येच अडली. बांधकामवाल्यानं प्लास्टर करताना आत सिमेंट सोडलेलं. मिस्त्री आणायचा तर तीन ठिकाणी भिंत फोडायची, आणि शनिवार तर तोंडावर आलेला. सत्यभामानं गॅलरीकडे बघितलं. लांबलचक गॅलरी, एका टोकाला बाहेरचा खांब, दुसऱ्या टोकाला ऑफिस.

"गॅलरीतून घेऊ. खिळे ठोक."

जीवनला शंका आली. "वहिनी, छताच्या अंगानं वरून घेऊ का? इथं हाताशी येते."

"वर काँक्रीट आहे. ड्रिल लागीन, दिवस जाईन."

"पण पोट्ट्या..."

"पोट्ट्या काय वायर खाते का? ठोक."

जीवननं ठोकले. वायर डोक्याच्या उंचीवरून गॅलरीभर सरळ गेली, शेवटच्या खांबापाशी काटकोनात वळली आणि ऑफिसात शिरली. ताणून बांधलेली, काळी, सुरेख. सत्यभामानं मागं उभं राहून बघितलं आणि तिला समाधान वाटलं. दिसायला ती कशासारखी दिसत होती, हे तेव्हा तिच्या डोक्यात आलं नाही. रिकाम्या वायरीखाली उभ्या माणसाला ते दिसत नाही. ओले कपडे हातात असलेल्या माणसाला लगेच दिसतं.

शनिवारी दुपारी ऑफिसातल्या डब्याचे दिवे हिरवे झाले. मजल्या-मजल्यावर छोटे पांढरे डबे बसले. जेवणाच्या हॉलमध्ये टीव्ही लागला आणि मुलींनी अशी आरोळी ठोकली की शकुनबाईनं स्वयंपाकघरातून पळत येऊन विचारलं, कोण पडलं? एकीला गाण्याचं चॅनेल पाहिजे, एकीला मॅच, शोभाताईंना बातम्या. रिमोट ह्या हातातून त्या हातात. सत्यभामानं तो काढून घेतला, त्याला पोस्टातल्या पेनासारखी दोरी बांधली आणि दोरी टेबलाच्या पायाला.

"ज्याले बदलायचं त्यानं इथं येऊन, सगळ्यांसमोर बदलायचं," ती म्हणाली. "टीव्ही एकट्यानं पाह्यची वस्तू नाही. एकट्यानं पाह्याले फोन दिला ना तुमाले?"

खुशबू खोलीच्या दारात उभी राहून फोनकडे बघत होती. खोलीत, पलंगाशेजारी, चार रेघा पूर्ण. तिनं मान वर केली आणि पहिल्यांदा हसली.

रविवारी सकाळी झड लागलेली. मोठा पाऊस नाही, पण थांबतही नाही, असा श्रावणातला. नऊच्या सुमारास वसतिगृहाचा निरोप आला, की सगळं बंद आहे. डब्यावर लाल दिवा. नेट नाही, टीव्ही नाही, आणि दुपारी पालक.

"खारीनं कुरतडलं असन," जीवन म्हणाला.

"माझी लाइन खार खात नाही."

"मंग वांदर..."

"चाल."

तिनं आधी खांब बघितला. जीवन भिजत वर चढला. खांबापर्यंत उजेड येत होता. वरच्या कंपनीला फोन करायचा तर पुन्हा पाळ. छत्री धरून सत्यभामा चिखलातून पाळीवर चढली. रस्त्यावरनं जाणाऱ्या दोन फटफटीवाल्यांनी वळून बघितलं. तिनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते समोर बघायला लागले. कंपनीचा पोरगा म्हणाला, "आमच्याकडून ओके आहे मॅडम, तुमच्या बाजूला पाहा."

म्हणजे आतच. ती तरातरा गॅलरीत शिरली आणि जागच्या जागी थांबली.

गॅलरी दिसत नव्हती. टॉवेल, कुडते, ओढण्या, चादरी, सगळं तिच्या वायरीवर. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. चिमटे लावून.

"हे कोणाचं आहे?" तिचा आवाज शिडीवरचा.

दारं उघडली. मुली बाहेर आल्या. त्यातली एक भीतभीत म्हणाली, "काकू, बाहेर पाऊस आहे ना. शकुनबाई म्हणाल्या आत नवीन दोरी बांधली."

"शकुनबाई!"

शकुनबाई हात पुसत आली. "ओरडतं काहून? काळी वायर दिसली. मले वाटलं भामाताईनं पावसापाण्यासाठी आतमधी दोरी बांधून देली. म्हटलं, बाई तोंडानं कडू आहे, पण मनानं लय चांगली आहे."

जीवन घंटेच्या पलीकडे दारात उभा होता. त्यानं एकदा वायरीकडे बघितलं, एकदा छताकडे. ते बघणं वहिनीला ऐकू गेलं.

"काढा सगळं!"

मुलींनी दोन मिनिटांत वायर मोकळी केली. सत्यभामा हात लावत लावत टोकापर्यंत गेली. कुठं झोल पडला होता, पण तार कुठं तुटलेली दिसेना. काचेची तार आतून तुटते आणि वरून सती-सावित्री दिसते. शेवटच्या खांबापाशी कठड्यावर एक भलीमोठी गोधडी पसरलेली होती, पाणी निथळत. ती वायरीवर नव्हती, कठड्यावर होती, म्हणून सत्यभामानं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. तिला घाई होती. तिला नेहमीच घाई असते, आणि नेहमी ती पुढं पोचते, म्हणून कुणी बोलत नाही.

ती ऑफिसात आली आणि पेटीतून लाल उजेडाचा पेन काढला. तारेच्या एका टोकाला तो लावला की आतून लाल उजेड पळत जातो आणि जिथं तार तुटली तिथून बाहेर फुटतो. अंधारात लख्ख दिसतो. पण दिवसाढवळ्या, गॅलरीच्या उजेडात? तरी तिनं पेन लावला. दुसरा उपाय नव्हता. हॉलमध्ये पालक येऊन बसायला लागले होते, काळ्या पडद्याच्या टीव्हीसमोर. शोभाताई त्यांना चहा देत होत्या आणि दर घोटाला ऑफिसच्या दाराकडे बघत होत्या.

तेवढ्यात केशवराव आले. उंच, खांदे वाकलेले, जमिनीखाली वावरणाऱ्या माणसाचे असतात तसे. हातात फटफटीला सामान बांधायची दोरी. शोभाताईंना त्यांनी नमस्कार केला.

"बसा ना, भाऊ," शोभाताई म्हणाल्या. "नेटचं काम..."

"ऐकलं मॅडम. बंद आहे." आवाज वर गेला नाही. "तुमचा दोष नाही. माझी ड्यूटी आहे संध्याकाळी. खुशबू, सामान झालं?"

खुशबू हॉलच्या दारात आली होती, पत्र्याची पेटी खोलीत बांधून. "झालं. गोधडी राहिली फक्त. काल धुवायले घेतली होती, घरी जायचं म्हणून. वाळली नाही."

"ओलीच बांधू. कोठी आहे?"

घंटा वाजली. "पुरुष माणूस आला वो!" केशवराव गॅलरीत शिरले, मागं खुशबू. सत्यभामा ऑफिसच्या दारातून त्यांच्याकडे बघत होती. बापाला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. त्याचं म्हणणं बरोबर होतं. लाइन नव्हती, म्हणजे पाळ होती.

केशवरावांनी गोधडीचं खालचं टोक उचललं. जड, पाण्यानं भरलेली. सरकू नये म्हणून खुशबूनं तिचं वरचं टोक खांबावरच्या वायरीच्या खिळ्याला अडकवलं होतं. ते सोडवायला त्यांनी गोधडीखाली वाकून डोकं घातलं.

आणि पुढच्या क्षणाला त्यांनी गोधडी टाकली, पोरीला कमरेतून धरून मागं ओढलं आणि असं ओरडले की हॉलमधले सगळे उभे राहिले:

"हटा! हटा! बाजूले व्हा! आग आहे!"

मुली किंचाळत खोल्यांत पळाल्या. शकुनबाईनं घंटाच वाजवायला सुरुवात केली. जीवन, ज्याला त्या घंटेची लाज वाटायची, सरळ आत आला. केशवराव पोरीला भिंतीशी दाबून, तिच्यावर स्वतःची पाठ धरून उभे होते. डोळे मिटलेले. आयुष्यभर जमिनीखाली ज्या माणसानं वायरीच्या टोकाला लाल ठिणगी दिसली की पळायचं, एवढंच शिकलं, त्यानं दुसरं काय करावं?

काही झालं नाही. गॅलरीत पावसाचा तेवढा आवाज.

सत्यभामा त्यांच्या बाजूनं पुढं गेली, गुडघ्यावर बसली आणि गोधडीखाली डोकावली. आत अंधार. त्या अंधारात, खिळ्यापाशी, काळ्या कव्हराला गेलेल्या चिरेतून एक लालभडक ठिपका चमकत होता. ओल्या गोधडीच्या ओझ्यानं वायर खिळ्यावर ओढली गेली होती आणि काटकोनात मोडली होती.

ती हसायला लागली. बसली ती तिथंच, फरशीवर, हसत.

"भाऊ, डोळे उघडा. सुरुंग नाही. टॉर्च आहे माझा."

केशवरावांनी डोळे उघडले. आपण पोरीला किती जोरात धरलं आहे हे त्यांना कळलं आणि त्यांनी हात सैल केले. कान लाल झाले होते.

"मले वाटलं..."

"तुमाले जे वाटलं ते बरोबरच वाटलं. मी सकाळपासून ज्याले शोधून राहिली ते तुम्ही डोकं घालून काढलं. आता दोन मिनिटं थांबा. दोनच. मंग न्यायची तं न्या पोरगी."

"दोन मिनिटांत होते?"

"दहा लागतीन. पण थांबा."

केशवराव थांबले. गोधडी धरून, एखाद्या तंबूसारखी वर उचलून, कारण सत्यभामानं त्यांना सांगितलं होतं, "तशीच धरून ठेवा, पावसाचा शिंतोडा नको माझ्या मशीनवर." बाहेरच्या खांबाकडे वायरीची एक गुंडाळी तिनं राखून ठेवली होती, कोष्ट्याची सवय, तिथून हातभर ओढून घेतली. कव्हर सोललं. आतला काचेचा केस स्पिरिटनं पुसला, कापला. दोन्ही टोकं छोट्या मशीनमध्ये समोरासमोर ठेवली. झाकण लावलं. आत बारीकशी वीज चमकली आणि काचेला काच चिकटली.

"झालं?" केशवराव गोधडीमागून म्हणाले.

"झालं."

"मोठा आवाज नाही झाला."

"तुमच्याकडच्यासारखं नाही भाऊ आमच्याकडं. इथं चूपचाप होते."

हॉलमधून आधी टीव्हीचा आवाज आला, मग माणसांचा. कुणाच्या तरी आईनं लगेच विचारलं, रिमोट कोठी आहे, आणि कुणीतरी सांगितलं, टेबलाला बांधला आहे, या इकडं. शोभाताईंनी पहिल्यांदा स्वतःचा चहा शेवटपर्यंत प्यायला.

केशवराव मात्र हॉलकडे गेले नाहीत. गोधडी कठड्यावर ठेवून, वायरपासून चांगली लांब ठेवून, ते पोरीच्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"इथं लागते?"

"लागते, बाबा."

"पलंगावर बसून?"

"कोठीही."

"लाव तुझ्या आईले."

खुशबूनं लावला. चिखल्याच्या घरात आईचा चेहरा आला, कपाळ तेवढंच दिसत होतं. "अवं, दिसून राहिली! कोठी आहे तू? पाळीवर आहे का?"

"नाही वं, खोलीत. हे पाह्य माझा पलंग. हे बाबा."

बाबांनी फोनकडे बघून उगाच घसा साफ केला. मग फोन हातात घेतला आणि खोली दाखवली. भिंत, खिडकी, दगडांचे नमुने ठेवलेली फळी, पत्र्याची पेटी.

"पेटी बांधली ना?" आईनं विचारलं. "अन् माझी गोधडी कोठी आहे? पाच लुगड्यांची शिवली मी ते, विसरू नका."

"ओली आहे."

"कितीक ओली?"

"लय ओली आहे," केशवराव म्हणाले. "गाडीवर नेता येत नाही."

फोनमधलं कपाळ आणखी जवळ आलं. "अन् पोरगी? पोरगी तं कोरडी आहे ना?"

केशवरावांनी पेटीकडे बघितलं. मग दाराबाहेर. तिथं सत्यभामा शिडीवर चढत होती, हातात शोभाताईंनी कुठूनसं मागवलेलं ड्रिल, वायर छताकडून घ्यायला. खाली जीवन शिडी धरून होता, आणि त्याच्या तोंडावर एक वाक्य आलेलं स्पष्ट दिसत होतं.

"वहिनी, मी म्हटलं होतं ना..."

"शिडी धर अन् चूप राह्य."

केशवरावांनी फोन पुन्हा तोंडाशी आणला. "पोरगी गोधडीसंगं येईन. वाळली की."

"आता? झड लागली आहे वो! श्रावण आहे. गोधडी वाळाले दिवाळी लागीन."

"लागू दे," ते म्हणाले आणि फोन पोरीच्या हातात दिला.

जाताना त्यांनी दोरी फटफटीच्या मागं रिकामीच गुंडाळली. पाळीजवळून रस्ता वळतो तिथं ते क्षणभर थांबले आणि वर बघितलं. पाळीवर पाऊस होता, एक बगळा होता, दुसरं कुणी नव्हतं. मग त्यांनी किक मारली.

गॅलरीत शकुनबाई गोधडी पिळत होती. "आता कोठी टाकतं हे धूड?" तिनं विचारलं.

सत्यभामानं शिडीवरून पक्कड खिशात टाकली आणि खाली जीवनकडे बघितलं. "गाडीत जुनी वायर आहे ना? एक भेंडोळं आण. ह्या पोट्ट्यांले पावसासाठी आतमधी दोरी बांधून दे. चांगली ताठ."